आव थांबत नाही आणि जंतू सापडत नाही

पावसाळा लागला की आमच्या दवाखान्यात आवेचे रुग्ण रोजच येतात. दूषित पाण्यातून पोटात गेलेला जंतू, पाच-सात दिवसांचे औषध, आणि रुग्ण बरा. पण मधूनच एखादा असा येतो की त्याची आव या हिशेबात बसत नाही. कचेरीत कारकून असलेला एक सत्तावीस वर्षांचा तरुण असाच आईला घेऊन आला. चार महिने झाले, दिवसातून सहा-सात वेळा शौचास जावे लागे, रक्त व चिकट आव पडे, रात्रीही उठावे लागे. वजन नऊ किलोंनी उतरले होते. आवेच्या गोळ्यांचे चार कोर्स झाले होते, मूळव्याध समजून मलमही लावून झाले होते आणि घरी बेलाचा मुरंबा चालू होता. शौचाच्या तपासणीत जंतू मात्र सापडत नव्हता. शेवटी दुर्बिणीतून मोठे आतडे पाहिले, आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, तेव्हा 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असे निदान झाले.

"डॉक्टरसाहेब, जंतूच नाही, तर आतडं सोलवटतंय कशानं?" आईने विचारले. प्रश्न नेमका होता.

आतड्याच्या आतील अस्तरात पेशींचा एकच थर असतो. त्याच्या एका बाजूला अन्न आणि अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला आपले रक्त आणि राखणीच्या पांढऱ्या पेशी. यातले बहुतेक जंतू आपले जुने बिऱ्हाडकरू आहेत, त्यांचा त्रास नसतो. खरा शत्रू आला तरच राखणदार पेशी सूज आणतात आणि शत्रू गेला की सूज ओसरते. या रोगात ती ओसरत नाही. राखणदार घरातल्यांवरच काठी चालवत राहतो.

असे का होते, हे समजण्यासाठी थोडे जनुकांकडे वळू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुके असतात, पण सगळी एका वेळी काम करीत नाहीत. त्या तरुणाला मी त्याच्याच कचेरीचे उदाहरण दिले. कपाटात हजारो फायली असतात, पण टेबलावर येते त्याच फायलीचे काम चालते. डोळ्याच्या पेशीच्या टेबलावर एक फाईल, आतड्याच्या पेशीच्या टेबलावर दुसरी. जंतू शिरला की सूज आणणाऱ्या फायली बाहेर निघतात. त्या काढणारा एक प्रमुख शिपाई म्हणजे 'एनएफ-कप्पा-बी' हे प्रथिन. 1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधून काढले. त्याच्या हुकमाने 'टीएनएफ' नावाचा पदार्थ तयार होतो, आणि गंमत अशी की हा टीएनएफ शेजारच्या पेशींतल्या शिपायालाही जागे करतो. मग तिथेही त्याच फायली निघतात. चक्र एकदा फिरू लागले की मूळ निमित्त संपले तरी फिरतच राहते.

स्टेरॉइड दिल्यावर रुग्णाला आठवडाभरात आराम पडतो, तो याच फायली बंद झाल्यामुळे. पण स्टेरॉइड शरीरातल्या इतर कितीतरी फायलींनाही हात लावते. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. म्हणून ते ठरावीक मुदतीसाठीच द्यायचे आणि हळूहळू कमी करायचे. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून परस्पर आणून महिनोन् महिने घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे पुढे हाल होतात.

आईचा दुसरा प्रश्न दबक्या आवाजात आला. मुलासाठी स्थळे पाहणे चालू होते. "हे पुढं नातवंडांत उतरेल का?"

या रोगाचे भावंड असलेल्या 'क्रोन्स' रोगात 2001 साली 'नॉड-2' या जनुकातले दोष सापडले. नवल म्हणजे या दोषाने राखणदार खवळत नाही, उलट त्याची नजर अधू होते. जंतू वेळेवर ओळखू येत नाहीत आणि मग धुमसत राहणारी सूज येते. त्यानंतर या दोन्ही रोगांशी संबंधित दोनशेहून अधिक जागा जनुकांत सापडल्या. प्रत्येकीचा वाटा थोडा थोडा. युरोपातल्या रुग्णांत सापडणारे नॉड-2चे ते दोष जपान-चीनमधल्या रुग्णांत आढळत नाहीत, आपल्याकडेही क्वचितच. जुळ्या, अगदी एकसारख्या भावांपैकी एकाला कोलायटिस असला तरी दुसऱ्याला बहुधा होत नाही. रुग्णाच्या मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो हे खरे, पण बहुतेक मुले निरोगीच राहतात. लग्न अडवण्याचे हे कारण नव्हे, असे मी त्या माउलीला स्पष्ट सांगितले.

क्रोन्सबाबत आपल्या देशात एक मोठा चकवा आहे, तो आतड्याच्या क्षयाचा. दोन्ही रोग लहान आतड्याच्या शेवटाशी बसतात, दोन्हींत ताप येतो, वजन घटते. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. टीएनएफला अडवणारे इंजेक्शन अमेरिकेत 1998 साली क्रोन्ससाठी मान्य झाले. कित्येकांचे आतडे त्याने वाचले. परंतु क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणारी भिंत टिकते तीही टीएनएफमुळेच. तो काढून घेतला की झोपलेला क्षय उठू शकतो. म्हणून आधी छातीचा फोटो व क्षयाची तपासणी करूनच हे इंजेक्शन द्यायचे असते. त्याला फाटा देऊ नये.

त्या तरुणाला इंजेक्शनची गरज पडली नाही. मेसालामाइनच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत तो सावरला, वजन भरले. आणि मग बरे वाटते म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. दिवाळीत तो पुन्हा रक्त पडत असल्याची तक्रार घेऊन आला. जुलाब थांबले तरी अस्तरात सूज शिल्लक राहू शकते, फायली टेबलावरून पुऱ्या हललेल्या नसतात. हे मी त्याला आधी नीट समजावले नव्हते, ती चूक माझी.

आता गोळ्या नियमित चालू आहेत. दाढदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळीनेही हा रोग उसळू शकतो, म्हणून तो दंतवैद्यालाही आपला आजार सांगतो. दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, नाडी जलद किंवा पोट फुगलेले असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे त्याच्या आईने औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवले आहे.