उशिरा कळणारे तापमान : अणुभट्टीतील आरटीडी आणि त्याची दिरंगाई

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात तापमान मोजणारा सेन्सर ही रोजच्या वापरातली वस्तू आहे. उष्मोपचाराच्या भट्ट्या, वाहनांच्या रंगकामाचे ओव्हन, प्लास्टिकचे सुटे भाग काढणारी मोल्डिंग यंत्रे या साऱ्यांना तो लागतो, आणि तो थोडा उशिरा बोलला तर फार तर एखादी खेप नापास होते किंवा कंट्रोलरची मांडणी पुन्हा करावी लागते. याच पट्ट्याच्या कडेला, पवनेकाठच्या रावेतजवळून, द्रुतगती मार्ग मुंबईकडे निघतो. तिकडे ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी, आहे आणि आणखी उत्तरेस पालघर जिल्ह्यात तारापूर अणुवीज केंद्र आहे. तेथे पोहोचल्यावर त्याच जातीच्या सेन्सरकडे पाहण्याची दृष्टी बदलते, कारण अणुभट्टीत सेन्सर किती अचूक आहे याच्या बरोबरीने तो किती सेकंदांनी खरे सांगतो, हाही सुरक्षेचा प्रश्न असतो.

अशा ठिकाणी बहुधा आरटीडी वापरला जातो. आरटीडी म्हणजे तापमानानुसार विद्युत रोध बदलणारी धातूची बारीक तार. ही तार सामान्यतः प्लॅटिनमची असते आणि पीटी-१०० या सर्वपरिचित प्रकारात तिचा रोध शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम, तर १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. रोध मोजला की तापमान कळते. पण हे तापमान तारेचे स्वतःचे असते, बाहेरच्या पाण्याचे नव्हे, आणि काखेत लावलेल्या तापमापीला ताप चढायला जसा वेळ द्यावा लागतो, तसा पाण्याच्या तापमानाला येऊन मिळण्यासाठी तारेलाही वेळ द्यावा लागतो. या वेळेचे रूढ माप म्हणजे काल-स्थिरांक. बाहेरचे तापमान एकदम बदलले असता त्या बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग दाखवण्यास सेन्सरला जितके सेकंद लागतात, तितका त्याचा काल-स्थिरांक.

ही दिरंगाई कोठे उद्भवते हे सेन्सरचा छेद डोळ्यांपुढे आणल्यास स्पष्ट होते. वाहत्या पाण्यातील उष्णता प्रथम थर्मोवेलला मिळते. थर्मोवेल म्हणजे नळात शिरवून पक्की बसवलेली, टोकाकडून बंद असलेली पोलादी नळी. तिच्या भिंतीतून उष्णता आत येते, नळी आणि सेन्सर यांच्यामधील फट ओलांडते, मग सेन्सरचे धातूचे आवरण आणि त्यातील विद्युतरोधक भुकटी पार करून अखेरीस प्लॅटिनमपर्यंत पोहोचते. या वाटेवरील खरा अडथळा म्हणजे ती फट. हवेची उष्णतावाहकता पोलादापेक्षा शेकडो पटींनी कमी असल्याने केसाएवढी पोकळी राहिली, टोक तळाला टेकले नाही किंवा मध्ये भरलेले संयुग सुकून गेले, तरी काल-स्थिरांक लक्षणीय वाढू शकतो. त्या वेळी सेन्सरचे स्थिर वाचन मात्र अगदी बरोबर असते, आणि म्हणूनच नेहमीच्या कॅलिब्रेशनमध्ये हा दोष सापडत नाही.

थर्मोवेल काढून टाकून सेन्सर थेट पाण्यात बुडवला तर तो चपळ होतो, परंतु त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांत, जे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे असून २००६ आणि २००५ मध्ये व्यावसायिक उत्पादनास लागले, शीतक म्हणून जड पाणी फिरते. ते महाग असते, उच्च दाबाखाली सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते आणि त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन साचत जातो. अशी दाबाखालची नळसंहती न उघडता सेन्सर बदलता यावा यासाठी थर्मोवेल लागतो, किंवा नळाच्या बाह्य पृष्ठावर सेन्सर बसवावा लागतो. दोन्ही तडजोडींमध्ये सोय आणि सुरक्षितता मिळते, पण काही सेकंद जातात.

या सेकंदांचे मोल अणुभट्टी बंद करणाऱ्या यंत्रणेत कळते. कोणत्या तापमानाला भट्टी आपोआप बंद व्हावी ही मर्यादा ठरवताना इंधनाला बाधा होण्याच्या पातळीपासून मागे मोजत यावे लागते, आणि त्या हिशेबात सेन्सर, इलेक्ट्रॉनिक मंडले आणि नियंत्रक दांडे यांना लागणारा प्रत्येक विलंब धरलेला असतो. सेन्सरचा विलंब गृहीत धरल्यापेक्षा जास्त झाला, तर कागदावरची सुरक्षितता प्रत्यक्षात कमी झालेली असते आणि नियंत्रण कक्षातील कोणत्याही दर्शकावर ती घट उमटत नाही.

दिरंगाईची गणिती दुरुस्ती तत्त्वतः सोपी आहे. सेन्सरने दाखवलेल्या तापमानात त्याच्या बदलाचा वेग आणि काल-स्थिरांक यांचा गुणाकार मिळवला की बाहेरचे खरे तापमान मिळते. समजा, वाचन २९० अंश आहे, ते दर सेकंदाला दीड अंशाने वाढत आहे आणि काल-स्थिरांक ६ सेकंद आहे. तर मिळवायची रक्कम ९ अंश आणि पाण्याचे तापमान २९९ अंश. दाबित पाण्याच्या अनेक अणुभट्ट्यांच्या संरक्षण मंडलांत या विचाराचे रूप वापरले जाते. त्याला लीड-लॅग दुरुस्ती म्हणतात, कारण त्यात संकेताला पुढे ढकलणारा एक भाग आणि आवर घालणारा दुसरा भाग असतो.

आवर घालण्याची गरज का पडते, हेही त्याच उदाहरणातून दिसते. सेकंदाच्या दर दहाव्या भागाला वाचन घेताना संकेतात नुसत्या विद्युत खरखरीमुळे ०.२ अंशाची उडी पडली, तर गणिताला तो सेकंदाला २ अंशांचा वेग वाटतो आणि ६ ने गुणून ते १२ अंशांची खोटी वाढ जाहीर करते. म्हणून वेग काढण्याआधी संकेत गाळावा लागतो, आणि गाळणी जितकी दाट तितका वाचवलेला वेळ पुन्हा हातचा जातो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. थर्मोवेलमधील फट वाढून खरा काल-स्थिरांक ९ सेकंद झाला असेल, तर पाणी ३०३.५ अंशांवर पोहोचलेले असताना दुरुस्त केलेला आकडा २९९ च दाखवेल. दुरुस्ती केल्याचे समाधान मिळेल आणि साडेचार अंशांची चूक आत तशीच राहील.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचांत याच समस्येचे एक भावंड आढळते. गाभ्यातील न्यूट्रॉनांचे वितरण मोजण्यासाठी तेथे व्हॅनेडियमचे स्वयंऊर्जित शोधक, म्हणजे बाहेरून वीज न देता स्वतःच प्रवाह निर्माण करणारे शोधक, वापरले जातात. न्यूट्रॉन शोषलेले व्हॅनेडियम पावणेचार मिनिटांच्या अर्धायुष्याने क्षय पावते, त्यामुळे शक्तीतील बदलाचा ६३ टक्के भाग दाखवण्यास या शोधकाला ५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. बीएआरसीच्या अभियंत्यांनी हा विलंब भरून काढण्यासाठी कालमन गाळणीचा अभ्यास केला आहे. ही पद्धत शोधकाचे गणिती प्रारूप आणि प्रत्यक्ष वाचन यांचा मेळ घालते आणि खरखरीचा अंदाज धरून बाहेरच्या स्थितीचा सर्वांत संभाव्य आकडा काढते. व्हॅनेडियमच्या बाबतीत एक मोठी अनुकूलता आहे, ती अशी की त्याचे अर्धायुष्य निसर्गाने ठरवलेले असून कधीच बदलत नाही. आरटीडीला ही खात्री नाही. त्याचा काल-स्थिरांक बसवण्याच्या पद्धतीवर, पाण्याच्या वेगावर आणि वयावर अवलंबून असल्याने तो पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

प्रयोगशाळेत हे मापन बुडवून केले जाते. सेन्सर सुमारे एक मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहणाऱ्या पाण्यात अचानक घालतात आणि त्याच्या वाचनाचा आलेख घेतात. परंतु केंद्रातील तापमान, दाब आणि प्रवाह निराळे असतात, शिवाय सेन्सर नव्या थर्मोवेलमध्ये बसला की फटही नवी असते, म्हणून प्रमाणपत्रावरील आकडा जागेवर लागू पडेलच असे नाही. यावर १९७०च्या दशकात अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात थॉमस केर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय विकसित केला. सेन्सर जागचा न हलवता, नियंत्रण कक्षाकडे येणाऱ्या त्याच्या तारांमधूनच, मोजणीचा सुमारे एक मिलिअँपिअरचा प्रवाह एकदम ४० ते ८० मिलिअँपिअरपर्यंत वाढवायचा. प्लॅटिनम स्वतःच काही अंश तापते आणि व्हीटस्टन सेतूच्या, म्हणजे रोधांची तुलना करणाऱ्या मंडलाच्या, साहाय्याने तो तापण्याचा आलेख टिपला जातो. येथे उष्णता आतून बाहेर जाते, तर नित्याच्या कामात ती बाहेरून आत येते. तरीही वाट तीच असल्याने गणिताने एका आलेखावरून दुसरा काढता येतो. चालू केंद्रातील पाण्याचे तापमान सतत किंचित हलत असल्याने ही कसोटी अनेकदा घेऊन सरासरी काढावी लागते. दुसऱ्या एका पद्धतीत प्रवाहही सोडत नाहीत. पाण्यातील त्या नैसर्गिक चढउतारांपैकी कोणते जलद चढउतार सेन्सरपर्यंत पोहोचताना पुसले जातात, यावरून त्याच्या मंदपणाचा माग काढतात.

मापनात सेन्सर मंद आढळला तर पहिला उपाय गणिताचा नसून हाताचा असतो. थर्मोवेल स्वच्छ करणे, सेन्सरचे टोक तळाला नीट टेकेल असे बसवणे, निमुळत्या टोकाला निमुळताच तळ जुळवणे आणि तरीही फरक न पडल्यास सेन्सर बदलणे, असा तो क्रम आहे. गणिती दुरुस्तीचे काम त्यानंतर उरलेल्या, मोजून निश्चित झालेल्या विलंबापुरते असते.

या क्रमात एक मूलभूत विचार आहे. सेन्सर मंद असणे हा अणुभट्टीत अपराध ठरत नाही, कारण माहीत असलेला विलंब आराखड्यात धरता येतो, मर्यादा त्यानुसार खाली आणता येते आणि गणिताने त्यातील बराचसा भाग परतही मिळवता येतो. धोका असतो तो न मोजलेल्या विलंबाचा. ही शिस्त भट्टी, ओव्हन आणि मोल्डिंगच्या कारखान्यांनाही परकी राहू नये. सेन्सरच्या प्रमाणपत्रावर अचूकतेच्या आकड्याशेजारी काल-स्थिरांक आणि तो कोणत्या प्रवाहात, कोणत्या थर्मोवेलमध्ये मोजला हे नोंदवलेले असेल, तरच तो आकडा घेणाऱ्याच्या कामाचा ठरतो. आणि सेन्सर जागेवर बसल्यावर तो पुन्हा तपासला गेला, तरच त्यावर उभारलेली दुरुस्ती विश्वासार्ह ठरते.