केवळ निरोप्या नव्हे

सस्तन प्राण्यांच्या पेशींतील आर्. एन्. ए. म्हणजे जनुकांचा निरोप्या, ही समजूत अपुरी आहे. निरोप नेणारा प्रकार एकंदरींत शेंकडा ५ च्या आसपासच. शेंकडा ८० च्या सुमारास रायबोसोममध्यें राहून प्रथिनांची जुळणी स्वतः घडवितो. वाहक आर्. एन्. ए. त्यास अमिनो आम्लें पुरवितो. सुमारें २२ घटकांचा सूक्ष्म आर्. एन्. ए. तर निरोप वाटेंतच दाबतो. त्याच्या शोधास २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु खरें नवल ‘एक्झिस्ट’ नामक आर्. एन्. ए. चें! मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकीं एकास वेढून तो त्यास मुकें करितो. मांजराच्या तांबूस रंगाचें जनुक याच गुणसूत्रावर असतें. एका एक्सवर तांबूस व दुसऱ्यावर काळा वारसा असला, कीं गर्भावस्थेंतच कांहीं पेशींत एक, कांहींत दुसरें गुणसूत्र मुकें होतें, आणि तीच निवड त्यांच्या वंशज पेशींत टिकते. काळ्या-तांबूस ठिगळांचें मांजर बहुधा मादीच आढळतें, तें यामुळेंच.