बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे

‘पिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला पाठवू,’ असं डॉक्टर म्हणाले की घरात निम्मी रडारड तिथंच होते. खरं तर गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, पॅप किंवा एचपीव्ही तपासणीत काही वेगळं आढळलं, तर ते नेमकं काय आहे हे पाहण्यासाठी बायोप्सी असते. बहुतेकदा शोध असतो तो कॅन्सरच्या आधीच्या बदलांचा. अहवालात त्यांना सीआयएन १, २, ३ म्हणतात. पहिला प्रकार बहुधा आपोआप निवळतो. तिसऱ्यावर उपचार लागतात, पण तोही कॅन्सर नव्हे.

सगळ्यात चिवट समज म्हणजे ‘हत्यार लागलं की पसरतो’. या बायोप्सीने कॅन्सर पसरतो याला कसलाही आधार नाही. धोका आहे तो उलट बाजूने. ‘कशाला तुकडा, पिशवीच काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला होता. न तपासता साध्या पद्धतीने पिशवी काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरू शकते आणि पुढचे उपचार अवघड होतात.

साध्या बायोप्सीसाठी भूल देऊन झोपवत नाहीत. कोल्पोस्कोप ही मोठं करून दाखवणारी दुर्बीण. ती शरीराबाहेरच राहते. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (व्हिनेगरमधलं तेच) लावलं की संशयास्पद जागा पांढरी दिसते. तिथूनच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने घेतात. ‘अजिबात दुखत नाही’ हेही खरं नाही. चिमटा बसतो, पाळीसारखी कळ येते. कुणाला जास्त दुखतं. जागा बधिर करायला सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मूल होण्यात या छोट्या तुकड्याने अडथळा येत नाही. शंकूच्या आकाराचा मोठा भाग काढतात ती कोन बायोप्सी वेगळी. तिला भूल लागते आणि पुढच्या गरोदरपणात मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता थोडी वाढते.

आणि एचपीव्ही निघाला म्हणून कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा नको. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो.

बायोप्सीनंतर काही दिवस थोडं रक्त किंवा रक्त थांबवणाऱ्या औषधामुळे काळपट स्राव जातो. डॉक्टर सांगतील तितके दिवस शरीरसंबंध टाळावेत. खूप रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधी असेल तर अहवालाची वाट न पाहता लगेच दाखवावं. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तपासणीआधीच सांगावं.