जुन्या सायकलचा खर्च कुठे करावा?

वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर आजही काळ्या, दांडी-ब्रेकच्या सायकली दिसतात. अशी एखादी अडगळीतून काढलीत, तर आधी फ्रेम तपासा. ती सरळ आणि सांध्यांत न तडकलेली असेल, तरच पुढचा खर्च करा. रंगाचे नंतर पाहू!

पहिला मान छर्ऱ्यांना. पुढच्या हबचे, मागच्या हबचे आणि पायडलच्या एक्सलचे छर्रे वेगवेगळ्या मापाचे असू शकतात, म्हणून जुना नमुना दुकानात न्यावा. हा खर्च किरकोळ, पण चाक हलके फिरते.

चेन मोजा: पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचे, म्हणजे २४ कड्यांचे अंतर नव्या चेनमध्ये १२ इंच भरते. ते सव्वाबारा झाले असेल, तर चेन टाकाऊच. ती फ्रीव्हीलचे दातही झिजवते.

फ्रीव्हील बदलायचेच असेल, तर दात मोजून घ्या. पुढे ४४ आणि मागे १८ दात असताना, २८ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २२ असतील, तर साडेचार. वेग घटतो, पण पाठीमागे पोते असेल तर गुडघे वाचतात.

ब्रेकच्या रबरांत कंजुषी नको. लोखंडी रिम पावसात भिजली, की ब्रेकची पकड फार कमी होते.