कोयनेची नोंदवही

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना धरणाच्या भिंतीतल्या एका गॅलरीत बसवलेले त्वरणमापक यंत्र जमिनीच्या धक्क्यानेच जागे झाले आणि रेषा ओढू लागले. धरण किती जोराने हलले याचा हिशेब त्या रेषांत होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेने ०.४९ पट. संकल्पचित्रे करणाऱ्या अभियंत्यांनी भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. बाहेर कोयनानगर आणि आसपासची गावे कोसळत होती, सुमारे १८० माणसे दगावली, वीजनिर्मिती बंद पडली. भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर धरणाला आडव्या भेगा पडल्या, पण १०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले. पुढे धरणांच्या भूकंपीय वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांनी, बर्कलीच्या अनिल चोप्रा यांच्यासारख्यांनी, याच नोंदीवर आपली गणिते ताडून पाहिली. नुकसान पाहून अंदाज बांधणे आणि यंत्राचा आकडा हाती असणे यांतले अंतर त्या पहाटे स्पष्ट झाले. यंत्र आधी बसवलेले होते म्हणून आकडा मिळाला.

भूकंपशास्त्राकडून लोकांची अपेक्षा असते ती भाकिताची: कुठे, कधी, केवढा. या अपेक्षेच्या मापाने हे शास्त्र नापास ठरते. पण ते मुळात भाकिताचे शास्त्र नाही, ते नोंदीचे आहे. त्याचे मोल जोखायचे तर भाकिते किती खरी ठरली हे मोजून चालणार नाही. नोंदवही संकटाच्या आधी उघडली होती की नंतर, आणि तिच्यातले पुढे भिंतींपर्यंत पोचले का, हे पाहावे लागते. महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पिढीने पाहिली आहेत, एक कोयनेला आणि दुसरे किल्लारीला.

नोंद म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. खडक विभंगावर, म्हणजे त्यातल्या मोठ्या भेगेवर, सरकतो तेव्हा निरनिराळ्या जातीचे तरंग निघतात. भूकवचात प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतो, दुय्यम तरंग साडेतीन. दोघे एकाच जागेवरून एकाच क्षणी निघतात, त्यामुळे ठाण्यावर पोचण्याच्या त्यांच्या वेळांत जितक्या सेकंदांचा फरक, त्याला आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने कळते. एका ठाण्यावरून फक्त अंतर मिळते; तीन ठाणी असली की जागा सापडते, आणि जवळ आणखी ठाणी असली तर खोलीही भरवशाने सांगता येते. हे तरंग वेगवेगळे ओळखण्याचे काम भारतातल्याच एका भूकंपाने सोपे केले. १८९७च्या शिलाँग पठाराच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय तरंग वेगळे करून दाखवले, आणि १९०६ मध्ये त्याच धाग्याने ते पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोचले. मात्र उपकरणांनी केलेली सलग नोंद आपल्याकडे सुरू झाली ती १८९८ मध्ये कोलकात्याच्या अलीपूरला आणि त्यापाठोपाठ मुंबईच्या कुलाब्याला. म्हणजे आपल्या वहीची पाने जेमतेम सव्वाशे वर्षांची आहेत. दख्खनसारख्या जुन्या, स्थिर भूखंडात एकाच विभंगावर दोन मोठ्या भूकंपांमधला काळ हजारो वर्षांचा असू शकतो. ही तफावत पुढच्या सगळ्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे.

कोयनेची वही लवकर उघडली गेली ती हादऱ्यांमुळे. १९६२ मध्ये धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी भरू लागले आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांना जमिनीतून आवाज ऐकू येऊ लागले, लहान धक्के बसू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापक ठाणी उभारली. त्यामुळे १९६७ चा ६.३ महत्तेचा भूकंप झाला तेव्हा त्याच्या आधीचीही पाने लिहिलेली होती. सप्टेंबर १९६७ चा पाचांवरचा धक्काही त्यांत होता. तेव्हापासून नोंद थांबलेली नाही. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, भारतीय हवामान खाते अशा अनेकांनी ती पुढे चालवली. साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या एका पट्ट्यात ५ किंवा अधिक महत्तेचे वीसांहून जास्त, ४ किंवा अधिक महत्तेचे सुमारे दोनशे आणि त्याहून लहान असे हजारो भूकंप तिने टिपले. इतक्या लहान जागेत, इतका काळ, इतक्या सातत्याने हादरणारे जलाशयाचे ठिकाण जगात दुसरे नाही. म्हणूनच या विषयावर हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या चर्चेत कोयना मध्यवर्ती राहिली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दोन तोंडांनी येतो. काही म्हणतात, धरणाचा आणि भूकंपाचा संबंध निव्वळ योगायोग. काही म्हणतात, भूकंप धरणानेच केला. वही दोघांनाही नकार देते. शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब तेराशे वातावरणांच्या घरात जातो. या तुलनेत जलाशयाचे वजन नगण्य आहे, त्यामुळे अखंड खडक नुसत्या पाण्याच्या भाराने फुटला हे म्हणणे टिकत नाही. पण म्हणून योगायोगाचा निष्कर्षही निघत नाही. पावसाळ्यात जलाशय चढतो, आणि त्या काळात व त्यानंतरच्या महिन्यांत भूकंपांची संख्या वाढते. हे एकदोन नव्हे तर अनेक वर्षांच्या पानांवर दिसते. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९० च्या दशकात भूकंपांचे केंद्रही त्या बाजूला सरकले. यातून उरते ते एकच स्पष्टीकरण: विभंग आधीपासून ताणलेला होता, आणि भेगांमधून खोल उतरणाऱ्या पाण्याच्या दाबाने त्यातली उरलीसुरली पकड सैल केली. उजनी आणि जायकवाडीसारखे मोठे जलाशय भरूनही तिथे कोयनेसारखे काही घडले नाही. १९८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या भातसा जलाशयाजवळ मात्र हादरे बसले. धरणाने ताण निर्माण केला नाही, आधीच साठलेल्या ताणाला निमित्त पुरवले, हे या फरकातून सिद्ध होते. काडी आणि बारूद यांतला हा फरक धरणविरोधक आणि धरणसमर्थक दोघांनाही गैरसोयीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साठ वर्षे वही लिहून पुढचा मोठा भूकंप कधी हे सांगता येत नसेल, तर ती कशासाठी? याची सर्वांत कसोशीची परीक्षा कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला झाली. तिथे ठरावीक अंतराने ६ च्या आसपासचे भूकंप होत आले होते, म्हणून १९९३ पर्यंत पुढचा होईल असे १९८५ मध्ये जाहीर करून दाट उपकरणे लावली गेली. तो भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, अकरा वर्षे उशिरा, आणि एवढ्या उपकरणांतही त्याने आधी ठळक खूण दिली नाही. तेव्हा भाकिताच्या बाजूने वकिली करण्यात अर्थ नाही. पण वही दुसरे एक काम करते: गैरसमज मोडते. लहान धक्के बसत राहिले की जमिनीतला जोर निघून जातो आणि मोठा टळतो, हा दिलासा कोयना खोऱ्यात आणि बाहेरही ऐकू येतो. महत्ता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४ महत्तेच्या भूकंपांनी ६.३ ची ऊर्जा बाहेर काढायची तर असे सुमारे २,८०० भूकंप लागतील. वहीत ४ किंवा अधिक महत्तेचे आहेत सुमारे दोनशे. थोडक्यात, दिलासा खोटा आहे. आणि हे सांगायला भाकिताची नव्हे, नुसत्या मोजणीची गरज होती.

आता दुसरे उत्तर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून लोक झोपले असताना किल्लारी परिसरात ६.२ च्या आसपास महत्तेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. काही अंदाज याहून मोठे आहेत. भूकंपाची ताकद कोयनेएवढीच, बळी मात्र चाळीस पटींहून जास्त. याचे एक कारण उथळ खोली आणि दाट वस्ती हे होते, पण मुख्य कारण घरांच्या घडणीत होते. माळवदाच्या घरात लाकडी खांब-तुळयांवर मातीचा जाड थर आणि भोवती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती. आतला-बाहेरचा दर्शनी दगड नीट, मधली पोकळी चिपांनी भरलेली, आरपार बांधणारा लांब दगड नाही. धक्क्याने भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या. कितीतरी ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता आणि भिंती ढासळलेल्या होत्या. आधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, याच गावांना हादरे बसले होते. पण कोयनेसारखे ठाण्यांचे जाळे तिथे नव्हते, आणि भूकंपक्षेत्रांच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता.

हा नकाशा म्हणजे सरकारी वही, आणि तिच्या दुरुस्त्यांचा क्रम बोलका आहे. पहिले मानक १९६२ चे. त्या काळी दख्खनचे पठार जवळपास निर्धोक मानले जात होते. १९६७ नंतर कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. १९९३ नंतर, २००२ च्या आवृत्तीत, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. म्हणजे महाराष्ट्रात रेषा दोनदा हलली आणि दोन्ही वेळा माणसे मेल्यानंतर. यात नकाशा काढणाऱ्यांचा हलगर्जीपणा शोधणे सोपे आहे, पण दोष पद्धतीच्या मर्यादेचा आहे. जिथे भूकंप झाल्याची नोंद आहे तिथे धोका दाखवायचा, ही पद्धत हिमालयात चालते, कारण तिथे भूकंप वारंवार होतात. हजारो वर्षांतून एकदा हलणाऱ्या विभंगाला सव्वाशे वर्षांची वही ओळखणार कशी? कोरे पान म्हणजे शांत जमीन नव्हे; तिथे अजून कोणी लिहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यावर व्यवहारी माणूस विचारेल, मग काय सगळ्या महाराष्ट्राला हिमालय समजून बांधायचे? परवडेल का? हा आक्षेप मोठ्या इमारतींबद्दल विचार करायला लावतो, पण बळी जातात त्या घरांबाबत तो फोल आहे. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड, कोपऱ्यांत घट्ट सांधे, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींना बांधणारा सळयांचा काँक्रीटचा सलग पट्टा, आणि माळवदावर दरवर्षी नवी माती चढवत न जाणे: हा उपाय गवंड्याच्या हातातला आहे, आणि घराच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान आहे. धोका कमी असलेल्या भागात भूकंपाची शक्यता कमी असते, झालेल्या भूकंपाचा जोर कमी नसतो. म्हणून तिथे महागडी तयारी नको, पण ही किमान तयारी हवी.

कोयनेची वही आता खाली खाली जाते आहे. कराडजवळ केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभारली आणि २०१७ मध्ये पाटण तालुक्यातल्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे चाचणी बोअर पूर्ण झाले. सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट संपला आणि त्याखाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. पृष्ठभागावरच्या गोंगाटापासून दूर, भूकंपाच्या उगमाच्या जवळ जाऊन खडकाचा ताण, तापमान आणि भेगांतले पाणी पाहणे हा त्यामागचा हेतू. याने भाकीत मिळेलच अशी हमी देता येत नाही, आणि तशी हमी देऊन अशा कामाला पैसा मागणे हे त्याचेच नुकसान आहे. त्याचे समर्थन कोयनेच्या पहिल्या पानावरच आहे: गॅलरीतले ते यंत्र भूकंप थोपवायला बसवलेले नव्हते, पण त्याने मोजले म्हणून पुढे धरणाची भिंत कशी आणि किती बळकट करायची हे ठरवता आले, आणि ती केलीही गेली. धरणाच्या बाबतीत आकडा भिंतीपर्यंत पोचला. तीन किलोमीटर खोलीवरून वर येणारी माहिती सात फुटांवरच्या त्या काँक्रीटच्या पट्ट्यापर्यंत पोचते का, यावर या शास्त्राचा उरलेला हिशेब ठरेल. आणि तो हिशेब शास्त्रज्ञांइतकाच बांधकामाचा परवाना देणाऱ्या कचेरीचाही आहे.