धान्य महिनाभर पुरते का?

आज पोट भरले म्हणजे घरात अन्न आहे, असे आपण म्हणतो. पण पंधरा तारखेनंतर काय, हा घोर ज्या घराला आहे ते घर जेवूनही अर्धपोटीच. शिकलेली माणसे या घोराला 'अन्न-असुरक्षा' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

हिशेबच करून बघू. कळसला मजुरी करणारे एक घर आहे असे धरा. खाणारी माणसे पाच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अशा घराला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. म्हणजे २५ किलो झाले. (अंत्योदय कार्ड असेल तर सबंध घराला ३५ किलो.) राबणाऱ्या घराला रोज दीड किलो धान्य सहज लागते. २५ ला दीडने भागा. सोळा दिवसांत डबा खडखडतो! पुढचे चौदा दिवस मजुरीवर. त्यात खाडा पडला, तर?

मग घर आपले आपण हात आखडते. आधी दूध बंद होते. मग डाळ. कालवणात पाणी वाढते. शेवटी चुलीपुढच्या बाईची भाकरी कमी होते. ती म्हणते, "मला भूकच न्हाई." आणि आपण ते खरे धरतो! घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, तर तिला उलट एरवीपेक्षा जास्त लागते. तिला आधी वाढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बारामती-इंदापूरचा आपला भाग मूळचा कमी पावसाचा. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला. पाणी पोचले तिथे पुढे ऊस उभा राहिला. ऊस पैसा देतो खरा, पण तो कणगीत भरता येत नाही. घरची ज्वारी गेली की दुकानाचा भाव सोसावा लागतो.

१९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना विचारा. पीक बुडाले, तशी शेतातली मजुरीही बुडाली. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. पण ती घ्यायलाही पैसा हवा ना! माणसे खडी फोडायला गेली, तेव्हा चार पैसे दिसले. तिथे सुकडीही मिळे. दुकानात धान्य असणे वेगळे आणि ते घेण्याची ऐपत असणे वेगळे, हे तेव्हा कळले. कामाच्या मागणीला पुढे कायद्याचे बळ मिळाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून लागू झाला.

आता थोडक्या पैशाचे. रेशनचे धान्य पोट भरते, पण नुसत्या चपाती-भातावर अंग धरत नाही. जोडीला डाळ किंवा कडधान्य पाहिजेच. तूरडाळ परवडत नसेल तर हुलगे, मटकी घ्या. हुलग्याचे माडगे, शेंगोळे आपल्याकडे जुनेच. त्याला गरिबाचे खाणे म्हणून नाके मुरडू नयेत. बाजरीत लोह असते. शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ या भाज्या बांधाला, परड्यात फुकट मिळतात. वर लिंबू पिळले की भाजीतले लोह अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पोराला गप्प करतो इतकेच. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे द्या.

आणखी एक काम करा. रेशनकार्ड काढा आणि त्यावरची नावे एकेक करून वाचा. सून घरात आली, नातू झाला, पण नावे चढवली नसतील, तर त्यांच्या वाट्याचे धान्य येत नाही. नाव चढवायचा अर्ज तहसील कचेरीत पुरवठा शाखेत करावा लागतो. अर्ज दिल्यावर त्याची पोच मागून घ्या, आणि तीवरची तारीख तिथेच वाचून बघा.