फॅक्स आणि कागदाची पोच

दूरध्वनीच्या तारेवरून माणसाचा आवाज जाऊ लागला, त्याच्या कितीतरी आधी कागदावरचा मजकूर तारेने जसाच्या तसा पाठविण्याची कल्पना निघाली होती. स्कॉटलंडचे घड्याळ-कारागीर अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये अशा यंत्राचे पेटंट मिळविले. बेल यांच्या दूरध्वनीचे पेटंट १८७६ चे आहे. १८६५ मध्ये कासेली या इटालियन शोधकाच्या यंत्रावर पॅरिस आणि लियाँ या शहरांमध्ये अशी सेवाही सुरू झाली. तथापि सामान्य कचेरीच्या टेबलावर हे यंत्र येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या छत्राखाली ‘ग्रुप ३’ हे मानक ठरले. त्यामुळे एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागले आणि एक पान सुमारे मिनिटभरात जाऊ लागले. ‘फॅक्स’ हे ‘फॅक्सिमिली’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘तसेच कर’ असा आहे.

फॅक्सचे यंत्र कागद वाचत नाही, ते तो केवळ पाहते. पानाच्या रुंदीवर एका रेषेत १७२८ ठिपके धरून प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच ते ठरविते; मग पुढची रेषा. प्रत्येक ठिपका वेगळा न कळविता ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ अशी मोजदाद ध्वनीच्या रूपाने तारेवरून जाते. म्हणूनच विरळ मजकुराचे पत्र झटकन जाते आणि गच्च छापलेल्या तक्त्याला वेळ लागतो. आरंभी दोन्ही यंत्रे विशिष्ट सूर काढून एकमेकांची ओळख पटवितात, वेग ठरवितात. प्रत्येक पान संपल्यावर घेणारे यंत्र ते मिळाल्याचा संकेत देते. या शेवटच्या संकेताचे महत्त्व पुढे येईल.

यंत्राला अक्षराचे ज्ञान नसणे, हा त्याचा मोठाच गुण ठरला. टेलेक्सवर प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला संकेत लागत असे. फॅक्सला लिपीचे बंधन नव्हते. देवनागरीत हाताने लिहिलेला अर्ज, मोडीतील जुन्या कागदाची नक्कल, सातबाराचा उतारा, त्यावरील सही आणि शिक्का, सारे काही जसे आहे तसे पोचत असे. संगणकावर मराठी मजकूर पाठवावा, तर पलीकडे तोच फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हे उमटत. तेव्हा फॅक्स हाच भरवशाचा मार्ग होता. जपानमध्ये फॅक्स इतका रुजला, त्याचेही एक कारण हेच. हजारो चित्राक्षरे असलेली लिपी आणि व्यवहारात सहीऐवजी उमटविला जाणारा ‘हान्को’ हा शिक्का, दोन्ही फॅक्सवरून विनासायास जात.

मात्र ई-मेल सर्वत्र पोचल्यानंतरही फॅक्स उरला, त्याचे कारण वेग किंवा लिपी नव्हे. ते पुराव्यात आहे. पुरवठादाराने दरपत्रक पाठवावे, खरेदीदाराने त्यावर सही-शिक्का करून तेच पान परत धाडावे आणि यंत्रातून निघालेली पोच फाइलला लावावी, म्हणजे व्यवहार पक्का झाला असे दोन्ही बाजू मानीत. कायद्यानेही या साधनाची दखल घेतली. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने समन्स बजावण्याच्या साधनांत, उच्च न्यायालयाच्या नियमांना अधीन राहून, फॅक्स आणि ई-मेल यांचा उल्लेख आला. महामारीच्या काळात, १० जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा व समन्स बजावण्यास ई-मेल आणि व्हॉट्सॲपसारख्या सेवांबरोबर फॅक्सही मान्य केला. त्याच्या सात वर्षे आधी, जुलै २०१३ मध्ये, देशातील तारसेवा बंद झाली होती.

परदेशांतही फॅक्सला निरोप देणे सोपे गेलेले नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रे घेण्यास बंदी केली. जपानमध्ये २०२१ साली मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स हद्दपार करण्याचा प्रयत्न केला. परंतु गोपनीय कागदांचे काय, अशा आशयाचे शेकडो आक्षेप खात्यांकडून आले आणि तो बेत मागे पडला. याउलट, त्याच वर्षी जर्मनीतील ब्रेमेन राज्याच्या माहिती-संरक्षण कार्यालयाने फॅक्सची सुरक्षितता उघड्या पोस्टकार्डाइतकीच असल्याचे म्हटले. पूर्वी फॅक्स दोन दूरध्वनींमधील स्वतंत्र मार्गाने जाई. आता बहुतेक ठिकाणी तो इंटरनेटवरूनच जातो आणि पुष्कळदा पलीकडे यंत्र नसून संगणकातील एक खाते असते. क्रमांक तेवढा जुना राहिला आहे. गोपनीयतेचा जुना विश्वास त्या क्रमांकाबरोबर आपोआप पुढे येतो, आणि धोका आहे तो तेथेच.

पोचेचेही तसेच आहे. पाठविल्याचा अहवाल यंत्र छापते. त्यात क्रमांक, दिनांक, वेळ, पानांची संख्या आणि ‘ओके’ एवढे असते. त्याचा अर्थ पलीकडच्या यंत्राने पाने घेतली, इतकाच. कागद उलटा घातला असेल तर पलीकडे कोरे पान निघते, आणि अहवाल तरीही ‘ओके’च म्हणतो. पानाच्या माथ्यावरील वेळ पाठविणाऱ्याच्या यंत्रातील घड्याळाची असते. ते घड्याळ चुकले, तर वेळही चुकते. एक आकडा चुकीचा दाबला गेल्यास रुग्णाचा अहवाल परक्या दुकानात जाऊन पडतो. उष्णतेने छापणाऱ्या जुन्या यंत्रांचा गुळगुळीत कागद तर काही वर्षांत फिका पडून कोरा होई. म्हणून जाणते कारकून आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून तीच फाइलला लावीत आणि महत्त्वाचा कागद पाठविल्यावर दूरध्वनी करून ‘किती पाने मिळाली, शेवटच्या पानावरची सही दिसते का’ असे विचारून घेत.

फॅक्सने आलेल्या आदेशावर पैसे देण्याची सोय देताना बँकांनीही हीच सावधगिरी नियमात बांधली. अशा ग्राहकाकडून त्या आगाऊ हमीपत्र घेतात आणि मोठ्या रकमेच्या वेळी नोंदविलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करतात. त्या हमीपत्रात, फॅक्समधील चुकीचे किंवा बनावट सहीचे नुकसान ग्राहकाने सोसावे, अशा आशयाचे कलम सहसा असते. ते वाचल्यावाचून हमीपत्रावर सही करणारे ग्राहक थोडे नाहीत.